वडिलांचा बागेतला छोटा ट्रॅक्टर पुन्हा कामाला लावायचा असेल तर

तुम्ही लिहिलेलं थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. वडिलांनी २००३ साली घेतलेला मित्सुबिशी शक्ती, साडेअठरा एचपीचा, तीन सिलिंडरचा. निफाड तालुक्यात दोन एकर द्राक्षबाग. वडील गेले तेव्हापासून, म्हणजे चारेक वर्षं, ट्रॅक्टर शेडमध्ये उभा आहे आणि फवारणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर चालली आहे. सेल मारला की इंजिन फिरतं, पण धरत नाही. मध्यंतरी एकदा धरलं तेव्हा पांढऱ्या धुराने शेड भरली. गावातले मिस्त्री म्हणतात बोअर-पिस्टन (सिलिंडर आणि पिस्टनचं काम) करावं लागेल, पंचाहत्तर हजार धरून चाला. भाऊ म्हणतात भंगारात घाला आणि नवा घ्या. तुम्हाला तो ठेवायचा आहे आणि त्याच्याकडून काम घ्यायचं आहे.

ठेवा. आणि इंजिन आत्ता खोलू नका.

ठेवा म्हणतो ते नुसत्या मायेपोटी नाही. या ट्रॅक्टरचा डिझेल पंप पूर्ण यांत्रिक आहे, कुठेही सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. पाना, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि मल्टिमीटर एवढ्यावर ऐंशी टक्के निदान घरच्या शेडमध्ये होतं. हा ट्रॅक्टर बनवणारी बेंगळुरूची व्हीएसटी कंपनी १९६७ पासून या धंद्यात आहे, मित्सुबिशीच्या तंत्रावर तिने पॉवर टिलर आणि छोटे ट्रॅक्टर बनवले, आणि या एचपीचे ट्रॅक्टर ती अजून विकते. त्यामुळे फिल्टर, गॅसकेट, रिंगा, नोझल मिळायला अडचण नाही. बाकीचं बरंचसं तर कंपनीकडून घ्यायचीही गरज नसते. बेअरिंगवर ६२०५ असा नंबर असेल तर ते आतून २५, बाहेरून ५२ आणि जाडीला १५ मिलिमीटर, मग ते कुठल्याही कंपनीचं असो. ऑइल सीलवरही तीन मापं कोरलेली असतात. जुना भाग हातात घेऊन पुण्याच्या नाना पेठेत किंवा नाशकातल्या बेअरिंगच्या दुकानात गेलात तर काम होतं. मात्र नंबर वाचता येईल इतपत भाग पुसून मगच निघा.

आता खोलू नका का म्हणतो ते. पांढरा धूर म्हणजे बहुधा न जळलेलं डिझेल. ते न जळण्याची कारणं अनेक: ग्लो प्लग (गार इंजिन आतून तापवणारे) गेलेले, नोझल (डिझेल आत फवारणारं) टिपकतंय, डिझेलमध्ये पाणी, लाइनमध्ये हवा, टायमिंग मागे, आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, कमी. मिस्त्रींनी शेवटचं कारण पहिल्यांदा धरलंय. त्यातही एक गोष्ट लक्षात घ्या. चार वर्षं उभ्या इंजिनाच्या रिंगा कार्बनने आणि गंजाने खाचेत चिकटून बसतात. असं इंजिन पहिल्या दिवशी कमी कॉम्प्रेशन दाखवणारच. त्याला भारावर चालवलं, तेल बदललं, की कित्येक वेळा रिंगा मोकळ्या होतात आणि आकडा सुधारतो. पहिल्याच दिवशी निकाल लावला तर चांगला बोअर लेथवर जातो.

तेव्हा सुरुवात सेल न मारता करा. आधी डिपस्टिक काढून बघा. तेल ताकासारखं पांढुरकं असेल तर आत पाणी आहे. पातळी खुणेच्या वर असेल आणि बोटाला डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल खालच्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरलंय, बहुधा फीड पंपाच्या पडद्यातून किंवा टिपकणाऱ्या नोझलमधून. दोन्हीपैकी काहीही दिसलं तर आधी तेल काढून टाका. डिझेलने पातळ झालेल्या तेलावर इंजिन फिरवलं तर बेअरिंगा जातात, आणि मग पंचाहत्तर हजाराचा खर्च खरंच येतो. एअर क्लीनर उघडा, एक्झॉस्टच्या नळीत टॉर्च मारून बघा. शेडमध्ये उभ्या ट्रॅक्टरात उंदीर घर करतात, आणि त्यांनी कुरतडलेली वायर पुढे शॉर्ट होते.

मग तीनही ग्लो प्लग काढा. प्रत्येक भोकातून अर्धा चमचा इंजिन ऑइल आत सोडा, अर्ध्या चमच्याहून जास्त नाही. रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने. कुठे कडक लागलं तर जोर करू नका, थांबा. सहज फिरलं तर अर्धी काळजी मिटली.

यानंतर डिझेल. माझ्या हाताखालून गेलेल्या उभ्या ट्रॅक्टरांमध्ये सगळ्यात जास्त खोळंबा इथेच असतो, म्हणून इथे घाई करू नका. टाकी पूर्ण रिकामी करा. तळातून जे निघेल ते काचेच्या बरणीत घेऊन उन्हात ठेवा. तासाभरात खाली पाण्याचा थर दिसेल, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर काळपट चिकट पडदा. तो जंतूंचा थर असतो, ते त्या सीमेवरच वाढतात आणि फिल्टर बुजवतात. टाकी उतरवून आतून धुवा, नवं डिझेल थोडं घालून खळखळवा, ओता, पुन्हा घाला. टाकीच्या तोंडावरची जाळी फाटली असेल तर बदला. फिल्टर नवा. आणि टाकीपासून पंपापर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या नव्या. जुनी नळी बाहेरून धड दिसते, पण वाकवली की बारीक भेगा उघडतात. त्यातून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, कारण तिथे ओढ असते. गळती कुठेच दिसत नाही आणि ट्रॅक्टर एअर घेत राहतो. शंका असेल तर फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडा. बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

हवा काढायचा क्रम ठरलेला आहे. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, फीड पंपाची दांडी हाताने मारत रहा, फेस जाऊन सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा. मग पंपावरचा स्क्रू, तसंच. शेवटी तिन्ही नोझलवरचे नट अर्धा फेरा सैल करून सेल मारा, डिझेल उसळलं की एकेक आवळत जा. सेल एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारायचा नाही, मध्ये मिनिटभर विसावा. स्क्रूखालचे तांब्याचे वॉशर नवे घाला. जुना वॉशर दबून कडक झालेला असतो, कितीही आवळा, हवा घेतोच. आणि चालू इंजिनात नोझलच्या नळीजवळ हात नको. त्या दाबाची डिझेलची धार कातडीतून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते पण आत हात सडतो. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठायचा.

नोझल तिन्ही काढून टेस्टिंगला द्या. टेस्टरवर धुकं पडलं पाहिजे, थेंब टिपकता कामा नये, आणि ते किती दाबाला उघडतं ते मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून घ्या. परत बसवताना खालचं सीटचं वॉशर नवं. पंप मात्र घरी उघडू नका आणि गावातही उघडू देऊ नका. त्यातल्या प्लंजर-बॅरलमधली फट मायक्रॉनमध्ये मोजतात, त्याला डिझेल पंपवाल्याचा टेस्ट बेंच लागतो. नोझल आणि हवा दोन्ही ठीक करूनही धरलं नाही, तरच पंप तिकडे न्या.

ग्लो प्लग. तुमच्याकडे हा विषय जास्तच महत्त्वाचा, कारण निफाडचा पारा हिवाळ्यात किती उतरतो हे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राच्या आकड्यांवरून दरवर्षी साऱ्या राज्याला कळतं. या प्रकारच्या इंजिनात डिझेल आधी छोट्या कक्षात पेटतं आणि मग सिलिंडरमध्ये येतं. तो कक्ष गार असला की कॉम्प्रेशन चांगलं असूनही डिझेल पेटत नाही, पांढरा धूर होऊन बाहेर पडतं. वायर काढून मल्टिमीटरने प्रत्येक प्लगचा रोध मोजा. ओहमभर किंवा त्याहून कमी आला तर प्लग जिवंत. काहीच दाखवत नसेल तर मेला. एक गेला असेल तर तिन्ही बदला. मग वायरपर्यंत बारा व्होल्ट पोचतात का ते बघा, कारण पुष्कळदा प्लग धड असतात आणि स्विच किंवा रिले गेलेला असतो. तुमच्या मिस्त्रींनी हे मोजलंय का ते विचारा. आणि स्टार्टिंगचा स्प्रे अजिबात मारू नका. तापलेल्या ग्लो प्लगवर ईथर गेला की आत स्फोट होतो, पिस्टन फुटू शकतो.

पहिल्यांदा चालू करताना ट्रॅक्टर शेडबाहेर काढून घ्या आणि स्टॉपची दांडी मोकळी हलते का ते तपासा. जुन्या डिझेलच्या चिकटाने पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, उघड्या जागी अडकलेला असू शकतो. मग इंजिन धरताच सुसाट पळतं आणि चावी बंद करून थांबत नाही. एअर क्लीनरची नळी काढून ठेवा आणि हवेचं तोंड पूर्ण झाकेल अशी जाड फळी एका माणसाच्या हातात द्या. इंजिन पळालं तर तोंड फळीने बंद करायचं, हाताने कधीच नाही. हवा तुटली की ते मरतं. क्वचितच लागतं हे, पण लागलं तर दुसरा उपाय शोधायला वेळ नसतो.

चालू झाला की पहिला धूर दुर्लक्षित करा. आत ओतलेलं तेल जळतंय, निळसर-पांढरा धूर येणारच. इंजिन चांगलं तापल्यावर जो धूर राहतो तो खरा. काळा असेल तर हवा कमी किंवा नोझल खराब. निळा टिकून राहिला तर तेल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड. पांढरा राहिला, रेडिएटरचं पाणी कमी होतंय आणि धुराला गोडसर वास आहे, तर हेड गॅसकेट. ऑइल प्रेशरचा दिवा लगेच विझला पाहिजे. विझला नाही तर त्याच क्षणी बंद.

मग पहिलं तेल आणि फिल्टर बदला आणि ट्रॅक्टरला हलकं ते मध्यम काम द्या. रिकामा ब्लोअर (पंख्याचं फवारणीयंत्र) ओढा, ट्रेलरमधून शेणखत वाहा, बांधाकडेला रोटाव्हेटर उथळ मारा. नुसता घुरघुरत उभा ठेवू नका, त्याने रिंगा सुटत नाहीत, उलट बोअरला चकाकी येऊन तेल जास्त जातं. पंधरा-वीस तासांचं काम झालं की पुन्हा तेल बदला, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करा आणि तेव्हा कॉम्प्रेशन मोजा. डिझेलचा गेज लागतो, पेट्रोलचा त्या दाबाला फुटेल. एकटा आकडा फार सांगत नाही. तिघांतला फरक सांगतो. तिघे सारखे आणि मॅन्युअलच्या किमान आकड्याच्या वर असतील तर बोअर-पिस्टनचा विषय संपला. एखादा खाली असेल तर त्यात अर्धा चमचा तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, जागेवरच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. तेल जास्त ओतलं तर आकडा खोटाच चढतो, कारण डिझेलच्या कक्षात मुळात जागा थोडी, आणि फार ओतलं तर कनेक्टिंग रॉड वाकायची भीती. सोबत चालू इंजिनाचं तेल भरायचं झाकण सैल करून हात धरा. हलकी फुंकर चालते. झाकण उडतंय, तेलाचे शिंतोडे येतायत, तर रिंगांनी साथ सोडली आहे.

आता रेडिएटर. द्राक्षबागेतल्या ट्रॅक्टरचा रेडिएटर इतर शेतातल्यापेक्षा वेगळा मरतो. गंधकाची पावडर, औषधाचे तुषार आणि वाळलेल्या पानांचा चुरा एकत्र होऊन पाकळ्यांमध्ये पापडी धरते. समोरून बघितलं तर रेडिएटर स्वच्छ दिसतो, कारण समोरचं रोज कुणीतरी फडक्याने झटकतं. पंख्याच्या बाजूने टॉर्च धरून समोरून बघा, उजेड किती येतो ते. निम्मा येत नसेल तर निम्मा रेडिएटर बंद आहे. धुताना पाणी पंख्याकडून बाहेरच्या दिशेने, कमी दाबाने सोडा. सर्व्हिसिंगच्या गनने पाकळ्या आडव्या झोपतात आणि मग नवाच घ्यावा लागतो.

आतून विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं घातलं असेल तर क्षारांचा थर असणार. फ्लश करा, मग कूलंट आणि आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. थर्मोस्टॅट आहे का ते हाउसिंग उघडून बघा. बऱ्याच ट्रॅक्टरांत तो नसतो, कारण कधीतरी गाडी गरम झाली म्हणून कुणीतरी काढून फेकलेला असतो. पुष्कळजण याला दुरुस्ती समजतात, पण हे नुकसान आहे. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन हिवाळ्यात कामाच्या तापमानाला पोचतच नाही. डिझेल अर्धवट जळतं, बोअरवरचं तेल धुऊन निघतं, झीज वाढते. तुमचा पांढरा धूर लांबण्याचं हेही कारण असू शकतं. असेल तर पातेल्यात पाणी गॅसवर ठेवा, थर्मोस्टॅट दोऱ्याने लोंबता सोडा, बाजूला थर्मामीटर. त्याच्यावर अंश कोरलेले असतात, बहुधा ८२ च्या आसपास. त्या सुमाराला झडप उघडायला लागली आणि पाणी निवल्यावर मिटली की तो चांगला. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून दहा-बारा मिलिमीटर दबला पाहिजे.

वायरिंगकडे मिस्त्री सहसा शेवटी जातात. द्राक्षबागेत ते आधी बघायला हवं. बोर्डो फवारणीच्या मिश्रणातलं मोरचूद लोखंड, जस्त, ॲल्युमिनियम सगळं खातं. बॅटरीची टोकं, चॅसिसला जोडलेली अर्थची पट्टी, अल्टरनेटरचं सॉकेट इथे हिरवट खरड दिसेल. वायरचं आवरण सोलून बघा. तांबं आत बोटभर काळं पडलं असेल तर नुसतं टोक घासून उपयोग नाही, तेवढी वायर कापून नवी थिंबल लावा. अर्थ तपासायचा सोपा मार्ग: मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. सेल जड फिरतो म्हणून लोक बॅटरी बदलतात, स्टार्टर भरून आणतात, आणि दोष त्या एका पट्टीत असतो. बॅटरी स्वतः उभ्याने १२.६ व्होल्टच्या आसपास आणि सेल मारताना साडेनऊच्या वर राहिली पाहिजे. सेल हळू फिरला तरीही डिझेल पेटत नाही, हे ध्यानात ठेवा.

क्लच किंवा न्यूट्रलचा सेफ्टी स्विच कुणी जोडून टाकला असेल तर तो पुन्हा चालू करून घ्या. आणि स्टार्टरच्या दोन टोकांना स्क्रू-ड्रायव्हर लावून जमिनीवर उभं राहून गाडी चालू करायची सवय कुणाला असेल तर ती आजपासून बंद. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर मागचं चाक त्याच माणसावरून जातं.

क्लच बहुधा फ्लायव्हीलला चिकटलेला असणार, पेडल दाबूनही गिअर करकरेल. लगेच ट्रॅक्टर मधून फोडायला देऊ नका. पेडल पूर्ण दाबून लाकडाच्या ठोकळ्याने अडकवा आणि दोन-तीन दिवस तसाच ठेवा. मधूनमधून न्यूट्रलमध्ये इंजिन चालवून घर तापू द्या. बऱ्याचदा एवढ्याने सुटतो. नाहीच सुटला तर पुढचा प्रयोग मोकळ्या सपाट रानात, समोर माणूस, वेल, विहीर काहीही नसताना, जाणकाराच्या हातानेच.

ब्रेकवर मी तडजोड करत नाही. तुमच्या ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन एक टनाच्या आत, आणि मागे पाचशे-सहाशे लिटरचा ब्लोअर भरला की तेवढंच वजन ढकलायला तयार. उतारावर ट्रॅक्टर ब्लोअरला नाही, ब्लोअर ट्रॅक्टरला नेतो. मागच्या ॲक्सलचं सील गळत असेल तर तेल लायनिंगवर जातं. तेल प्यायलेली लायनिंग पेट्रोलने धुऊन परत बसवायची नाही, सीलसकट नवी टाकायची. डावं-उजवं पेडल सारखं धरतंय का ते बघा आणि रस्त्यावर दोन्हींना जोडणारी पट्टी लावल्याशिवाय चालवू नका.

गिअर-लिफ्टचं तेल काढाल तेव्हा गाळणी आणि चुंबकाला काय चिकटलंय ते बोटाने चोळून बघा. करडी मऊ पेस्ट ही नेहमीची झीज. चमकती पापुद्र्यासारखी तुकडी आली तर गिअर किंवा बेअरिंग बोलतंय. लिफ्टसाठी रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद करा. हळूहळू बसला तर चालेल, मिनिटाभरात टेकला तर पिस्टनची ओ-रिंग. भाग किरकोळ आहे, फक्त उघडावं लागतं. उचललेल्या अवजाराखाली हात घालण्यापूर्वी खाली ठोकळे.

तुमचा ट्रॅक्टर फोर-व्हील ड्राइव्हचा असेल तर टायरबद्दल हे नीट वाचा. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने ओढतील असा हिशोब कंपनीने गिअरमध्ये केलेला असतो, साधारण एक ते पाच टक्के. पुढचे टायर मिळाले नाहीत म्हणून जवळच्या मापाचे घातले किंवा मागचे नवे आणि पुढचे गुळगुळीत ठेवले की तो हिशोब मोडतो. मग कडक रस्त्यावर पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांविरुद्ध ओढतात आणि पुढच्या डिफरन्शियलचे दात जातात. टायर मूळ मापाचेच घ्या, चारही सोबत नाही जमलं तर निदान परीघ मोजून घ्या, आणि डांबरी रस्त्यावर फोर-व्हील काढून चालवा.

पीटीओच्या (ट्रॅक्टरमागून अवजार फिरवणाऱ्या) शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर तुमच्याकडे असेल असं मला वाटत नाही. बहुतेक बागांतून ते निघालेलं दिसतं. शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. बागेत साडी, ओढणी, उपरणं घालून माणसं वावरतात. कापडाचं टोक गुंतलं की ओढून काढायला अवधी मिळत नाही. ब्लोअरवाल्याकडे नवं कव्हर मिळतं. इंजिनाच्या कुठल्याही भागाआधी ते आणा.

एवढं सगळं करूनही पंधरा-वीस तासांनंतरचे आकडे वाईटच आले तर खुशाल खोला, पण काही गोष्टी मिस्त्रींकडून आधी कबूल करून घ्या. बोअर डोळ्याने नाही, बोअर गेजने वर-मध्ये-खाली आणि दोन दिशांनी मोजायचा. तो आकडा कागदावर तुम्हाला मिळाला पाहिजे. झीज मर्यादेत असेल तर फक्त रिंगा. क्रँकच्या जर्नलचं माप घेतल्याशिवाय बेअरिंगा आणायच्या नाहीत. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून ०.०५ मिलिमीटरची फिलर जाते का बघायचं. हेडचे बोल्ट टॉर्क रेंचने, ठरल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने. ज्यांच्याकडे टॉर्क रेंच नाही त्यांच्याकडे हेड देऊ नका, माणूस कितीही अनुभवी असो. हेड गॅसकेट कंपनीचंच.

पैशाचा क्रम माझ्या मते असा: पीटीओ कव्हर, डिझेल लाइन, नोझल, ग्लो प्लग, ब्रेक, रेडिएटर, वायरिंग, टायर. रंगकाम यात नाही. रंगवलेला ट्रॅक्टर गळती लपवतो, पहिलं वर्षभर तो जसा आहे तसाच, पण धुतलेला राहू द्या. म्हणजे तेल कुठून पाझरतंय ते रोज दिसेल. हे सगळं ऑगस्टअखेर उरका. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर पाऊस लागला आणि डावणी (वेलीवरचा बुरशीचा रोग) दिसली की फवारणी दुसऱ्या दिवसावर ढकलता येत नाही. तोपर्यंत ट्रॅक्टरने पाण्याने भरलेला ब्लोअर घेऊन पूर्ण बाग निदान दोनदा फिरलेली असावी, आणि पहिला हंगाम भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याशी संबंध तोडू नका.

कागदपत्रं. ट्रॅक्टर वडिलांच्या नावावर असेल तर मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायचं असा नियम आहे. मुदत उलटली आहे, तरी मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदं घेऊन जा आणि करून घ्या. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे तुमची २०१८ ला संपली. वडिलांनी नूतनीकरण केलं होतं का ते आरसी बुकात बघा, केलं असेल तरी ते पाच वर्षांचंच असतं. विमा निदान थर्ड पार्टीचा हवा, कारण बाग घराला लागून असली तरी डिझेल आणायला रस्ता लागतोच.

ग्लो प्लगचे तिन्ही रोध, बरणीतल्या डिझेलचा फोटो, आणि वीस तासांनंतरचे कॉम्प्रेशनचे आकडे, कोरडे आणि तेल टाकून, असं सगळं पाठवा. त्यावरून रिंगा की व्हॉल्व्ह, की काहीच नाही, हे सांगता येईल.